रंगारीचा ट्रे

बस डेपोत प्रत्येकाला नाव असतं, पण ते हजेरीपुरतं. एरवी माणूस त्याच्या कामावरून ओळखला जातो. गाड्यांना रंग मारतो तो रंगारी, पत्रे जोडतो तो वेल्डर, आणि मागच्या खोलीत सीटची कव्हरं शिवते ती वहिनी. शिवणाऱ्या बायका खरं तर तिघीचौघी होत्या, पण वहिनी एकच. कारण ती रंगारीची बायको, आणि रंगारी साऱ्या डेपोचा दोस्त. तिच्याहून वयानं मोठी माणसंही तिला वहिनीच म्हणत. तिलाही ते आवडायचं, पण कबूल करेल तर शपथ.

दिसायला मूठभर बाई, पण जिभेला धार अशी की जाड रेक्झिन कापायला कात्री लागू नये. रंगारीशी तिची पहिली ओळख झाली तीच भांडणानं. त्यानं खिडक्या न झाकता एका गाडीवर फवारा मारला, आणि आत हिनं नुकतीच चढवलेली कोरी कव्हरं हिरव्या ठिपक्यांनी भरून गेली. एक कव्हर उपसून ती तरातरा रंगाच्या शेडमध्ये गेली आणि त्याला असं काही फैलावर घेतलं की वेल्डरनं हातातलं काम थांबवून ऐकलं. रंगारीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठिपके छान दिसतायत की. म्हणत असाल तर बाकीच्या सीटवरही मारून देतो." ते भांडण पुढं कधी मिटलं नाही. दोघांनी लग्न केलं आणि भांडण घरी नेलं.

रंगाच्या शेडमध्ये मास्क होते, नव्हते असं नाही. पण रंगारीला काम करताना शीळ घालायची सवय, आणि मास्क लावून शीळ वाजत नाही. तेव्हा मास्क गळ्यात आणि शीळ ओठांवर, असा त्याचा कारभार. वहिनीनं सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. वर्षं गेली तसा आधी त्याला वास येईनासा झाला, आणि वासाच्या मागोमाग चवही निघून गेली. हे घरात कळलं ते नासलेल्या दुधाच्या चहावरून. वहिनीनं घाईत केलेला तो फाटलेला चहा रंगारी घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "फक्कड!" वहिनीनं आपल्या कपातला एक घोट घेतला, तो तसाच मोरीत टाकला, आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली चव आता परत यायची नाही. घरी येऊन वहिनी रडली. रंगारी म्हणाला, "बरंच झालं. तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारं घरात कुणी उरलं नाही." आणि तेव्हापासून ताटात काहीही पडो, पहिल्या घासाला त्याचा शेरा ठरलेला. "फक्कड झालंय!" भात करपलेला असो की वरण पाणचट, फक्कडच. वहिनी चिडायची. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"तुझ्या तोंडाकडे बघितलं की कळतं," तो म्हणायचा आणि जेवायला लागायचा.

डेपोचं वर्षातून एकदा जेवण असे. गाड्या धुवायची शेड रिकामी करायची, फळ्या टाकून लांबलचक टेबल मांडायचं, त्यावर सीटच्या उरलेल्या कापडाचे तुकडे जोडून वहिनीनं शिवलेली चादर, आणि प्रत्येक घरानं आपला एक पदार्थ आणायचा. सुरुवातीला वहिनीच काहीबाही करून न्यायची. चव गेल्यानंतरच्या वर्षी मात्र रंगारी म्हणाला, "यंदा मी करतो." वहिनीला हसू आवरेना. आंधळ्यानं रंग निवडायचा म्हटल्यासारखं झालं. पण रंगारीला जिभेवर कळत नसलं तरी दाताखाली कळत होतं. कुरकुरीत काय, मऊ काय, तार सुटणारं चीज काय, जेवणातली एवढीच गंमत त्याच्या वाट्याला उरली होती. कँटीनच्या आचाऱ्याला गाठून त्यानं चीज आणि बटाट्याचा बेक शिकून घेतला, त्यासाठी वेल्डरकडून एक खोल चौकोनी ट्रे बनवून घेतला, आणि घरच्या ओट्याचा ताबा घेतला.

तो स्वयंपाक नव्हताच, ते गाडी रंगवणं होतं. ट्रेला आधी लोण्याचं अस्तर. मग अर्धकच्च्या उकडलेल्या बटाट्यांच्या चकत्या, एकीवर एक अर्धी चढवून, ओळीनं. लोण्यात मैदा परतून, दूध सोडून केलेला सॉस चमच्याच्या पाठीवर धरायचा, त्यात बोटानं रेघ ओढायची. रेघ मिटली तर सॉस पातळ, राहिली तर बरोबर. "पहिला हात बसू द्यायचा, मग दुसरा," असं पुटपुटत तो चकत्या आणि सॉसचे थर चढवी. शेवटी किसलेलं चीज, कडांना जरा जास्त. ओव्हनसमोर स्टूल टाकून तो कान देऊन बसे. आतली बुडबुड दमत आली आणि कडेला चरचर ऐकू आली की ट्रे बाहेर. घड्याळाकडे तो ढुंकून बघत नसे.

एका जागी मात्र गाडी अडायची. सॉस झाला की तो डाव हातात धरून उभा राही आणि हाक मारी, "अगं, मीठ बघून जा!"

वहिनी बाजूच्या खोलीत मशीनवर घरची शिवणं घेऊन बसलेली असे. पहिली हाक ती ऐकलीच नाही असं दाखवी. दुसऱ्या हाकेला "आले, आले, एवढा मोठा आचारी आणि मिठाला बायको लागते!" असं म्हणत उठे. गळ्यात मापाची टेप, केसांत दोऱ्याचा तुकडा. बोटावर सॉस घेऊन चाखी, चिमूटभर मीठ टाकी, ढवळी, पुन्हा चाखी. "हं, लावा आता." मिठाच्या बरणीला रंगारीनं कधी हात लावला नाही. तो म्हणायचा, "नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. हिचं बघा, साऱ्या डेपोला पुरून उरतं!" आणि जेवणाच्या टेबलावर कुणी तोंड भरून स्तुती केली की त्याचं उत्तर ठरलेलं. "मीठ हिचं. माझी नुसती मजुरी." मग ट्रेचा सगळ्यात खरपूस कोपरा स्वतःच्या ताटात ओढायचा आणि कुरुमकुरुम वाजवत खायचा.

वेल्डर तर कुणाच्या पदार्थाला बरं म्हणेल तर सूर्य पश्चिमेला उगवायचा. खरं बोलल्याशिवाय त्याच्या घशाखाली पाणी उतरत नसे. फोरमनच्या बायकोच्या, म्हणजे फोरमनबाईंच्या, सॅलडला त्यानं त्यांच्या तोंडावर "गवत" म्हटलं होतं, आणि त्या वर्षभर त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. तोही रंगारीच्या ट्रेपुढं हात टेकायचा. "ह्यात खोट काढता येत नाही," तो म्हणायचा, "म्हणून तर राग येतो."

मागच्या थंडीत रंगारीच्या छातीनं दगा दिला. आधी खोकला, मग दम, मग दवाखान्यातली खाट, आणि एका सकाळी ती खाटही मोकळी. दवाखान्यातलं शेवटचं जेवण म्हणजे कुठलीतरी पेज होती. ती वहिनीनं चमच्यानं भरवली, तर तेवढ्या धापेतही तो "फक्कड" म्हणाला.

वहिनी कामावर परत आली. घरी बसून भिंती किती वेळ बघायच्या? शिवणाच्या खोलीच्या खिडकीतून रंगाची शेड दिसते. तिनं मशीन फिरवून पाठ तिकडे केली, पण कान कुठे फिरवणार? फवाऱ्याचा आवाज यायचा, शीळ यायची नाही. रंगारीच्या जागी नवा माणूस आला होता. वाईट नव्हता बिचारा. त्याला रंगारीचं कपाट मिळालं, स्टूल मिळालं, फवाऱ्याची बंदूक मिळाली. कपाटाच्या दारावर रंगारीनं ऐटीत अक्षरं काढून ठेवली होती, त्यावर एके दिवशी राखाडी रंगाचा हात फिरला. नव्या माणसानं येऊन विचारलं होतं, "वहिनी, चालेल ना?" ती म्हणाली होती, "चालेल की. कपाट काय कुणाच्या बापाचं आहे?" आणि तो गेल्यावर तिच्या हातून शिवण वाकडी गेली, ती तिनं सगळी उसवली.

मग वार्षिक जेवणाची वेळ आली. फोरमन शिवणाच्या खोलीच्या दाराशी येऊन उगाच चौकट चाचपत उभा राहिला.

"वहिनी, यंदा तुम्ही नुसत्या या. ट्रेचं मनावर घेऊ नका. रंगवाले मिळून बाहेरून काहीतरी मागवतायत. जागा रिकामी राहणार नाही."

तो भल्यासाठीच बोलला, पण वहिनीच्या काळजात ते कातडं शिवायच्या सुईसारखं गेलं. जागा रिकामी राहणार नाही! कपाट गेलं, स्टूल गेलं, आता टेबलावरची तेवढी एक जागा त्याची होती, तीही भरून निघणार. तिला वाटलं, ती जागा गेली की माणूस दुसऱ्यांदा गेला.

"ट्रे येईल," ती म्हणाली. "नेहमीच्या जागी ठेवायचाय. सांगून ठेवा सगळ्यांना."

जेवणाच्या दिवशी सकाळीच लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या गावी, तिला रजा मिळाली नव्हती. "आई, रेसिपी पाठवू का? व्हिडिओ आहेत, बघून बघून कर."

"रेसिपी कशाला हवी? इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय मी. मला सगळी पाठ आहे."

आणि खरंच पाठ होती. वहिनीनं स्वतः तो पदार्थ कधी केला नव्हता, पण सुरीचा पाटावरचा आवाज, किसणीची खरखर, डाव पातेल्याला आपटायची त्याची खोड, सगळं तिच्या कानात होतं. तिनं ठरवलं, आपल्या पद्धतीनं काही करायचं नाही. आपण केलं तर तो आपला पदार्थ होईल. आज ट्रे उघडल्यावर लोकांनी एक घास घ्यावा आणि म्हणावं, अगदी त्याच्या हातचं. एवढंच ऐकायचं होतं तिला. बाकी काही मागणं नव्हतं.

म्हणून तिनं त्याचा एप्रन बांधला. तो तिला पायघोळ होत होता, तो कमरेशी दुमडला. ट्रेला लोण्याचं अस्तर लावलं, कोपरे बोटानं चोळून. चकत्या ओळीनं लावल्या; शिवणकाम करणाऱ्या बाईची ओळ ती, रंगारीपेक्षाही सरळ आली, तेव्हा तिनं मुद्दाम दोन चकत्या तिरक्या केल्या. लोणी वितळलं, मैदा परतला, दूध सोडलं. चमच्याच्या पाठीवर रेघ ओढली, रेघ राहिली. "पहिला हात बसू द्यायचा," ती मोठ्यानं म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली.

लेक फोनवर होतीच, फोन खिडकीशी टेकवून ठेवलेला. "आई, चव बघितलीस का?"

"चव कशाला बघू? तुझे बाबा कुठे बघायचे?"

"हो गं, बाबांना कुठली चव," लेक हसली. तिकडून कुणीतरी लेकीला हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

वहिनी डाव हातात धरून उभी राहिली. सॉस तयार होता. पुढचं काय ते ठाऊक होतं, पण हात पुढं होईना. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. तिनं दूध बघितलं, लोणी बघितलं, चीजचा ढीग बघितला. सगळं जागच्या जागी. मग गॅस बंद करून ती बाजूच्या खोलीत गेली आणि मशीनपाशी बसली. मशीनवर काही काम नव्हतं. तिनं चाकाला हात लावला, सुईत दोरा ओवला, पुन्हा काढला. आपण इथे का येऊन बसलो ते तिला कळेना. बराच वेळ ती तशीच बसून होती. शेवटी "सॉस गार होईल की, बाई" असं स्वतःलाच बोलून ती उठली, थर चढवले, चीज पसरलं, कडांना जरा जास्त, आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. स्टूल टाकून कान देऊन बसली. बुडबुड दमली, चरचर सुरू झाली. ट्रे बाहेर काढला तर वर असा सोनेरी, कडांना असा खरपूस, की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. अगदी तस्साच. तिला वाटलं, जमलं बाई.

शेडमध्ये टेबल मांडलेलं होतं. नेहमीची जागा फोरमननं खरोखर राखून ठेवली होती, दुसरं कुठलं भांडं तिथे सरकू दिलं नव्हतं. वहिनीनं ट्रे तिथे ठेवला आणि वरचं फडकं काढलं. नवा रंगवाला टोपी काढून उभा राहिला. फोरमनबाईंनी पदराच्या टोकानं नाक पुसलं. मग वेल्डर पुढं झाला, कारण पहिला वाटा नेहमी त्याचाच असे. ट्रे त्यानं बनवलाय ना, हा त्याचा हक्क. त्यानं मोठा चौकोन कापून ताटात घेतला, उभ्याउभ्याच घास तोंडात घातला आणि चावायला लागला.

वहिनी त्याच्या जबड्याकडे बघत होती. तो चावता चावता थांबला. तिच्याकडे बघितलं. पुन्हा चावायला लागला, गिळलं, आणि म्हणाला, "वहिनी, अगदी त्याच्या हातचं."

झालं. त्या एका वाक्यासाठी ती इतके दिवस श्वास धरून होती. वेल्डर म्हणाला म्हणजे खरंच असणार. त्याच्यामागोमाग सगळे आले, ताटं भरली गेली, आणि जो तो मान डोलवून तेच म्हणू लागला. अगदी तेच. काही फरक नाही. वेल्डरनं तर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. वहिनी एकेकाला आग्रह करत फिरली, कुणाची चेष्टा केली, कुणाला दटावलं. कितीतरी महिन्यांनी तिच्या जिभेला जुनी धार आली होती. लोक पाणी फार पीत होते, ते तिच्या ध्यानात आलं नाही.

ट्रे संपत आला तेव्हा तिनं पाहिलं, एक कोपरा तसाच होता. खरपूस, कुरकुरीत. सवयीनं कुणी हात लावला नव्हता. तो तिनं स्वतःच्या ताटात घेतला आणि वेल्डरच्या बाजूला बाकावर बसली. पहिला घास घेतला. वरचं चीज कुरकुरलं, त्यात जेवढा खारटपणा होता तेवढा लागला आणि संपला. मग बटाटा आला, सॉस आला, आणि तोंडात काहीच आलं नाही. अळणी. सगळं सपक, अळणी.

तिचा घास तोंडातच राहिला. तिनं टेबलावरून नजर फिरवली. सगळी ताटं स्वच्छ होती.

"भाऊजी," ती वेल्डरला म्हणाली, "ह्यात मीठ नाही."

"असेल की. मला तर लागलं."

"खोटं बोलू नका. तुम्हाला येत नाही ते."

वेल्डरनं ताट खाली ठेवलं. "नाहीये, वहिनी."

"पहिल्या घासालाच कळलं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत? ह्या फोरमनबाईंना सोडलं नाहीत, आणि माझी भीड पडली होय?"

वेल्डर ताटाकडे बघत राहिला. "तुमच्या तोंडाकडे बघितलं," तो म्हणाला. "मग बोलवेना."

सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं. सॉसचा डाव, उगाच मशीनपाशी जाऊन बसणं, दोऱ्याचं ओवणं नि काढणं. घरात मीठ नव्हतं थोडंच! बरणी भरलेली होती, हाताशी होती. पण मीठ घालायची तिची वेळ हाकेनंतरची. आज ओट्याशी ती रंगारी होऊन उभी राहिली होती, आणि वहिनी व्हायला घरात कुणीच उरलं नव्हतं.

"ह्यांनी हाक मारली नाही," ती म्हणाली. "मी जाऊन बसले होते हो मशीनपाशी. किती वेळ बसले. हाक आलीच नाही."

फोरमनबाई उठल्या आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाची मिठाची बाटली घेऊन आल्या. वहिनीच्या ताटावर ती धरणार, तोच वहिनीनं हात आडवा केला.

"नको. राहू द्या."

"अहो, अळणी कसं खाणार?"

"हे असंच जेवायचे," वहिनी म्हणाली. "माझ्या हातचं सगळं ह्यांना असंच लागायचं. रोज. आणि मला वाटायचं, मी ह्यांना जेवू घालतेय."

तिनं दुसरा घास घेतला. चावताना कडेचं चीज दाताखाली वाजलं, तेवढंच. तिसरा घेतला. डोळ्यांतलं पाणी गालावरून ओठांशी आलं, ते तिनं पुसून टाकलं. वेल्डर बाजूला बसून राहिला, फोरमनबाई बाटली हातात धरून उभ्या राहिल्या. वहिनीनं कोपरा शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवला, ताट बोटानं निपटलं, आणि रंगारी म्हणायचा तसं "फक्कड झालंय" म्हणायला तोंड उघडलं. तिला ते म्हणता आलं नाही.